कायद्यात तसं कुठे लिहिलंय

ऑल्डर बे, मिशिगन
१२ फेब्रुवारी १९९५

चि. रेनो यास आयलीताईचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं आहे, आणि आपली आई फोनवर स्वतःच्या अंत्यविधीचे भाव विचारते आहे.

थट्टा नाही. मंगळवारी तिनं वर्नर हॉगलंडना फोन लावला. गावातलं अंत्यविधीगृह एकच, ते त्यांचं. आणि चर्चच्या गायकवृंदात ते बरोबर माझ्या मागे उभे राहतात. आईनं विचारलं, साध्यातलं साधं दफन केवढ्याला पडेल. ते म्हणाले, सायमा, असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, ये, बसू, कॉफी घेऊ. आई म्हणाली, कॉफी माझ्या घरी आहे, आणि कायद्यानं तुम्हाला भाव फोनवर सांगावाच लागतो. त्यांनी सांगितला. मग ती जातीनं गेली, छापील दरपत्रक मागून आणलं आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी टाचलं.

आता पेटी. ती तिला होड्या बांधणाऱ्या एइनोकडून करून हवी आहे. हॉगलंड म्हणाले, बाहेरची पेटी आणलीत तर हाताळणीचे वेगळे पैसे पडतील. आई म्हणाली, गेल्या वर्षीपासून ते घेता येत नाहीत. गुरुवारच्या तालमीत त्यांचा एकही सूर चुकला नाही, पण कोट घालताना त्यांनी मला विचारलं, की आईची तब्येत बरी आहे ना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला हे कोणी शिकवलं ते मी विचारत नाही. ग्राहकांच्या हक्कांची पुस्तिका तिच्या टेबलावर दिसली, आणि ॲरिझोनाहून जाड पाकीट आलं होतं, एवढं पोस्टमन म्हणाला. आता तूच तिला आवर.

माया आहे म्हणूनच रागावते आहे, हे धरून चाल.
आयली

फीनिक्स, ॲरिझोना
२६ फेब्रुवारी १९९५

ती. आयलीताईस रेनोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इथे लोक बाहेर बसून संत्री खातात, हे तुला चिडवायला लिहितो आहे.

पुस्तिका मीच पाठवली. आईनं मागितली होती. आवरायचं म्हणतेस, तर बाबांनासुद्धा ते जमलं नाही. ते आपले खाणीत निघून जायचे.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नसावी. बाबा गेले तेव्हा तू बाळंतपणात अडकली होतीस, डेट्रॉइटला. आईला त्यांना घरी आणायचं होतं, आपल्या अंगणातल्या सौनाच्या वाफेच्या खोलीत नेऊन स्वतः आंघोळ घालायची होती. तिच्या आईनं तिच्या आजोबांना घातली होती, तशी. हॉगलंड म्हणाले, सायमा, हल्ली तसं चालत नाही, औषध भरून देह टिकवावा लागतो, कायदाच आहे. तसा कायदा तेव्हाही नव्हता. आईनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बाबा पेटीत होते, गालांना लाली, ओठांना रंग. आई बराच वेळ बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, हे कोण आहेत.

मी सतरा वर्षांचा होतो.

अशा वेळी विचारायला काही आधार असावा म्हणून सरकारनं नियम केले, पण ते फार नंतर. आता आहेत, म्हणून ती ते पाठ करते आहे. काटकसरीसाठी नव्हे, ताई. आपण गेल्यावर आंघोळ कोणी घालायची हे तिला ठरवायचं आहे, आणि तुझंच नाव मनात असूनही ती तुला विचारत नाहीये. फीनिक्सहून माझे हात पोचणार नाहीत.

संत्री पाठवतो आहे. त्यांच्याकडे बघून तरी राग जाऊ दे.
रेनो

ऑल्डर बे
३ सप्टेंबर १९९५

चि. रेनो यास अ. उ. आ.

तुझ्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मधे तीन-चार पत्रं लिहिली ती सगळी टोमॅटोंबद्दल होती, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

वर्नर हॉगलंड गेले. होडीत गळ टाकून बसले होते, तसेच. धंदा त्यांनी वसंतातच बाहेरच्या एका कंपनीला विकला होता. पाटीवर नाव मात्र त्यांचंच ठेवलंय. एथेलनं, त्यांच्या बायकोनं, पहिला फोन आपल्या आईला केला. म्हणाली, वर्नर सांगायचे, गावात मला प्रश्न विचारणारी एकच बाई आहे.

आम्ही तिघी अंत्यविधीगृहात गेलो. एथेलनं त्या खोलीत वर्षानुवर्षं लोकांपुढे कॉफी ठेवली, पण टेबलाच्या या बाजूला ती कधी बसली नव्हती. कंपनीच्या तरुण व्यवस्थापकानं एक ‘सन्मान योजना’ पुढे केली. सगळं एकत्र, वेगवेगळे भाव नाहीत. मग आवाज मऊ करून म्हणाला, देहात औषध भरावंच लागतं, कायदा आहे. एथेलनं मान डोलावली.

मी आईकडे पाहिलं. ती वर्नरच्या खुर्चीकडे बघत होती. रेनो, आपल्या आईला बोलता आलं नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मीच विचारलं, कायद्यात तसं कुठे लिहिलंय. माझा आवाज गाण्यात लागतो त्याहून वर लागला. तो म्हणाला, म्हणजे, कायदा असा नाही, आमची पद्धत आहे, लोकांना दर्शन घ्यायचं असेल तर. एथेल म्हणाली, दर्शन नको. मी म्हटलं, मग पद्धत राहू द्या आणि दरपत्रक आणा. आधी ते, पेट्या नंतर. त्यानं आणलं. एथेलनं चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. आम्ही थांबलो. तोही थांबला.

मग ती म्हणाली, वर्नरला मी स्वतः आंघोळ घालीन. पण मला येत नाही. दुसरं वाक्य तिनं आईकडे बघून म्हटलं.

आईनं अंगठी काढून माझ्या हातात दिली आणि बाह्या वर सारल्या. त्या दोघी आत गेल्या. मी बाहेर बाकावर बसले.

उत्तर लवकर दे. टोमॅटोंबद्दल चालेल.
आयली

ऑल्डर बे
१० सप्टेंबर १९९५

चि. रेनो यास आईचे अनेक आशीर्वाद.

माझं बरं आहे. संत्री मार्चमध्येच संपली, ते तुला कोणी कळवलेलं दिसत नाही.

आयलीनं वर्नरचं लिहिलं असेल. ती बाहेर होती, तेव्हा आतलं मी सांगते. एथेलनं तोंड पुसलं, मी पाय. नखं नीट कापलेली होती, माणूस टापटिपीचा. मी त्याला म्हटलं, वर्नर, तू मला खोटं सांगितलंस. आणि मग टाचा पुसल्या. एथेलनं ते ऐकलं. तिनं कोरडा टॉवेल माझ्या हातात दिला.

काल आयली न बोलावता आली आणि सौना तापवायला घेतला. लाकडं चुकीची रचली, मी तशीच पेटू दिली. आत घाम गाळत बसल्यावर म्हणाली, आई, तुला आंघोळ घालायची वेळ येईल तेव्हा पाणी केवढं गरम घ्यायचं. मी म्हटलं, तेव्हा मला काय कळणार आहे. ती रडायला लागली.

मग मी नीट सांगितलं. कोमट. कोपर बुडवून बघायचं, तान्ह्या बाळासाठी बघतात तसं. ती म्हणाली, हे मला येतं.

मुलांना गार पाणी जपून पाजत जा. तुझी आठवण काढायला मला निमित्त लागत नाही.
आई