कुणाला लागत नाही ते

सोमवार, १

नवी नोकरी, नवं घर. तिसरा मजला, दोन खोल्या. आतली बाबांना दिली, तिला खिडकी आहे. सामान मीच लावलं. बाबा खोकी उचलायला पुढे यायचे, मी हातातून काढून घ्यायचे. आयुष्यभर केलंत, आता नुसते बसा, असं म्हटलं. ते खिडकीशी बसले. छान दिसत होते.

बुधवार, ३

काम आवडलं. बरेच सर्व्हर आहेत. त्यांच्यावरची सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणं माझ्याकडे. नवी आवृत्ती घातली की काही जुनी पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग, मागे पडून राहतात. ज्याच्यावर आता दुसरं काहीच अवलंबून नाही, ते काढून टाकायचं. आमच्या विभागाच्या प्रमुखांना सगळे ताई म्हणतात. त्या हे अजून हाताने करतात. एकेका सर्व्हरसमोर बसून काढायच्या पॅकेजचं नाव मोठ्याने वाचतात, थांबतात, मग 'हो' दाबतात. शेजारच्या टेबलावरचा कुजबुजला, ताई हजेरी घेतायत, गप्प बसा. मलाही हसू आलं.

सोमवार, ८

ताईंना सुचवलं की हे सगळं आपोआप चालणाऱ्या एका स्क्रिप्टवर सोपवू. दर शुक्रवारी सगळ्या सर्व्हरवर एकदम चालेल, कुणाला काही विचारणार नाही. ताई म्हणाल्या, यंत्र फक्त आज कुणाला लागतं का एवढंच बघतं. मी म्हटलं, तेवढंच तर बघायचंय. वरच्यांनी मंजुरी दिली.

घरी बाबा भाजी चिरायला बसले होते. सुरी काढून घेतली. उगाच बोट कापून घ्यायचे.

शुक्रवार, १२

पहिली साफसफाई. चहा संपायच्या आत सगळे सर्व्हर स्वच्छ. शेजारच्याने टाळी दिली.

संध्याकाळी बाबा म्हणाले, घरमालकीण जिन्यात भेटली, पण बोलली नाही. कामाच्या नादात असेल, असं मी सांगितलं.

शनिवार, २०

काल दुसरी साफसफाई झाली.

आज घरमालकीण नळ बघायला आली. आतल्या खोलीत जाऊन, खुर्चीत बसलेल्या बाबांच्या डोक्यावरून हात लांब करून तिने खिडकी ओढून घेतली. जाताना मला म्हणाली, एकटीला दोन खोल्या कशाला लागतात.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

सोमवार, २२

ताईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. एकदा घाईत त्यांनीही न वाचताच 'हो' दाबलं होतं, म्हणाल्या. तेव्हापासून त्यांच्या घरात जेवायच्या टेबलाशी दोन खुर्च्या आहेत. दुसरी कुणासाठी घेतली ते त्यांना आठवत नाही.

स्क्रिप्ट बंद केली. थोड्या वेळाने बघितलं तर चालू. पुसून टाकली. परत आली. प्रत्येक सर्व्हरवर तिची प्रत आहे, एक पडला तर दुसऱ्याने चालवावी म्हणून. मीच तशी लिहिली होती.

बुधवार, २४

बाबांना कामं सांगितली. बटाटे सोला. मला सकाळी हाक मारा, मी गजर लावत नाही. शर्टाची बटणं लावून द्या. इतके खूश झाले, बघवेना.

बटणं मीच तोडली होती. त्यांनी ताजा तुटलेला दोरा उजेडात धरून बघितला. सुई खाली ठेवली.

"खोटं काम नको गं देऊस. खरंच काही लागत असेल तर सांग."

रात्रभर शोधलं. सगळं मीच करत आले — एकही गोष्ट —

शुक्रवार, २६

आज पुन्हा साफसफाई. कामावर गेले नाही. त्यांचा हात धरून बसले. मला तुम्ही लागता, म्हटलं. कशासाठी, त्यांनी विचारलं. रागाने नाही. जाणून घ्यायचं होतं त्यांना.

मी शब्द शोधत होते. हात हलका होत गेला. मग माझी मूठ नुसतीच —

शनिवार, २७

आतल्या खोलीत खाट आहे. बाबांची. लिहून ठेवते आहे, बाबांची. उशीला त्यांच्या तेलाचा वास —

आवाज कसा होता? जाड? की —

सोमवार, २९

ताईंनी आल्या आल्या त्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. खुर्चीवर ठेवावी तशी. मी हाक मारली. पुन्हा मारली. शेजारचा त्यांना विचारत होता, हे रिकामं टेबल कुणाला द्यायचं —

म्हटलं, असं कसं, मी आहे. मी लागते. घरी बाबा आहेत. मी गेल्याशिवाय ते जेवत नाहीत, दार उघडंच ठेवून बसतात, त्यांना माझ्याशिवाय दुसरं कोण —