तिसरा तुकडा

प्रिय सिल्के,

“जिच्यावर जीव आहे तिच्या हाती किल्ली द्यायची नाही, कारण दबाव आला की आधी तीच वाकते.” वाचनालयाच्या मागच्या खोलीत, आपल्या संगणक-सुरक्षेच्या वर्गातल्या माझ्या पहिल्याच गुरुवारी, तू हे म्हणाली होतीस. सगळे हसले. हाइको जरा जास्तच हसला. आमचं लग्न नवं होतं आणि माझ्या तोंडात तू आणलेला खसखशीचा केक होता, म्हणून मीही हसले.

हे पत्र हातानं लिहितेय. संगणकावर डिजिटल सही तपासायची तुझी सवय इथे कामाची नाही, अक्षरावरून ओळखून घे. पाकीट नुसतं गोंदानं चिकटवलंय. पूर्व जर्मनीच्या काळात गुप्त पोलीस हाइकोच्या आईची पत्रं याच शहरात वाफेवर उघडायचे हे मला ठाऊक आहे. पण आपल्या दोघींमध्ये काय बिनसलंय ते वाचण्यात आता कुणाला रस असणार?

आधी त्याची खबर. हाइको काठी घेऊन दारापर्यंत जातो. उजवा हात अजून मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडलेला असतो. शब्द मात्र नाहीत. ‘हो’ तेवढा आहे. कॉफी हवी का? हो. चहा? हो. मी, त्याची बायको, मुद्दाम विचारते, मी तुझी बहीण ना? त्यालाही हो. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात की मेंदूचा असा झटका आल्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ची अदलाबदल होते, त्यावर फार विसंबू नका. त्यांचं ते वाक्य मी इतके दिवस का घट्ट धरून ठेवलं होतं, ते तुला कळलं असेलच.

तो अतिदक्षता विभागात होता तेव्हा आपल्या गुरुवारच्या गटातला उवे बटाट्याचं सूप घेऊन घरी आला होता. मला धीर देताना म्हणाला, “आमचे तुकडे आमच्याकडे नीट आहेत, त्याची चिंता नको.” मी विचारलं, कसले तुकडे? बिचाऱ्याचा चमचा हातातच राहिला. मग त्याला सगळं सांगावं लागलं. हाइकोनं आपल्या संगणकाच्या पासवर्डचे तुकडे करून पाच जणांना वाटले होते. कुठलेही तीन एकत्र आले की कुलूप उघडतं, दोघांना काहीच करता येत नाही. ते पाच जण कोण, हेही मी त्याच्याकडून वदवून घेतलं. कोर्दुला होती. कोर्दुला, सिल्के! तिच्याकडे निवडुंगसुद्धा जगत नाही. तू तर होतीसच. मी नव्हते.

उवे म्हणाला, “अगं, यंत्र ज्या घरात, त्याच घरात तुकडा ठेवत नाहीत. चोर येवोत नाहीतर पोलीस, दोन्ही एकदमच जायचं.” बरोबर आहे. दर गुरुवारी येणाऱ्या म्हाताऱ्यांना मी स्वतः हेच शिकवते. कॅमेऱ्यावर पट्टी लावा, फासे टाकून पासवर्डचे शब्द निवडा, तुकडे घराबाहेर ठेवा. पण पोटात जे जळतं त्याला असली कारणं कळत नाहीत. मला दिसत होता एकच पडदा आणि त्यापुढे टेकलेली तुमची दोघांची डोकी. त्यानं लिहिलेल्या प्रोग्रामची प्रत्येक ओळ तू तपासायचीस, आणि तू खोडलीस की तो खूश व्हायचा. मी त्याच्या स्वयंपाकात मीठ कमी आहे म्हटलं तरी तो दिवसभर गप्प.

विम्याच्या कागदांसाठी संगणक उघडायला हवा, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं. उवेनं त्याचा तुकडा दिला, कोर्दुलानं रडत दिला. उरलेल्या दोघांनी तू दिलास तरच देऊ म्हटलं. तू म्हणालीस, “इनेस, तो जिवंत आहे. मी त्याला विचारते.” आणि विचारलंस. मी बाहेर व्हरांड्यात होते. बाहेर येऊन तू एवढंच म्हणालीस, “नाही म्हणाला.” त्या क्षणी मला तुझा हेवा वाटला, इतका आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. माझ्या वाट्याला नुसते ढीगभर ‘हो’, कशालाही लागू पडणारे. एकुलता एक ‘नाही’ मात्र त्यानं तुला दिला.

विम्याचे कागद पुढच्याच आठवड्यात कपाटातल्या फाइलमध्ये सापडले. तुला सांगितलं नाही. मला त्या यंत्रात तुझं नाव शोधायचं होतं. तुला काय लिहायचा, किती लिहायचा, आणि जे माझ्याशी बोलला नाही ते तुझ्याशी बोलला का. बोलायला शिकवणाऱ्या बाई खऱ्या आणि तो ‘नाही’ खोटा, हे मी रोज स्वतःला पटवत होते.

परवा त्याच्याजवळ बसून बँकेचं काम करत होते. फोनवर आकडे टाकायला लागले आणि हाइकोनं मान फिरवली. खिडकीकडे नव्हे, सरळ भिंतीकडे, अर्धं अंग ओढत. लग्नापासून तो हेच करत आलाय. मी पासवर्ड टाकताना पाठ करून उभा राहायचा, आणि मी चिडवायचे की नवरा आहेस की पहारेकरी. माझे आकडे टाकून झाले तरी तो भिंतीकडेच बघत होता, मी “झालं रे” म्हणेपर्यंत. मग त्यानं मान वळवली. म्हणजे आत तो पूर्ण आहे, सिल्के. तुला दिलेला ‘नाही’ही पूर्ण होता.

तरीही मी हे पत्र तुझा तुकडा मागायलाच लिहितेय. यंत्र उघडणार नाही. आज मी ते उघडत नाही, कारण मला उघडता येत नाही. त्यात माझं कसलं मोठेपण? तिन्ही तुकडे जवळ असावेत, तो शेजारच्या खोलीत झोपलेला असावा, आणि तरी माझा हात तिकडे जाऊ नये, असं मला एकदा जगायचंय. त्यानं मान फिरवली तशी मलाही फिरवायचीय. मी शब्द पाळला की नाही, हे तुला कधीच तपासता येणार नाही. जे सॉफ्टवेअर उघडून वाचता येत नाही ते तू दारातसुद्धा उभं करत नाहीस, हे मी जाणून आहे. मला मात्र न उघडता, न वाचता घे. तू नाहीच म्हणशील. तुझ्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. तरी पाठव.

एवढं वाचूनही चालत असेल तर, तुझीच,
इनेस