काकांच्या प्रोग्रॅममधली चूक

नारायण पेठ, पुणे
१२ ऑगस्ट २००८

चि. केयूर यास काकूचे अनेक आशीर्वाद.

हिंजवडी पुण्यातच आहे असं लोक म्हणतात. मला तू गणपतीशिवाय दिसत नाहीस. फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

काल तुझ्या काकांचे सहकारी शरच्चंद्र आले होते. सांगत होते, कृष्णविवराजवळचे क्ष-किरण त्याच्या अगदी काठाशी, लहानशा जागेतून निघतात, असं परदेशात कुणी वेगळ्या रीतीने मोजलंय. हे तर तुझ्या काकांनी शहाण्णव सालीच मांडलं होतं ना? मग छापायला पाठवलेला पेपर मागे का घेतला? मी विचारलं की हे एवढंच म्हणत, प्रोग्रॅममध्ये चूक निघाली. प्रोग्रॅम तू लिहिला होतास, म्हणून तुला विचारते.

आणखी एक. हे जाऊन आठ वर्षं झाली, तरी दुपारी त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, हा येतो. हसू नकोस.

उलट टपाली लिही.
काकू

हिंजवडी
२० ऑगस्ट

ती. काकूस सा. न. वि. वि.

हसलो नाही. कंपनीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली की मी तिकडे बघत नाही.

काकांची कल्पना सोपी होती. क्ष-किरण थेट आपल्याकडे येतात, आणि तेच भोवतीच्या वायूच्या तबकडीवर आपटून जरा उशिरा येतात. तो उशीर मोजला की अंतर कळतं. आमचं अंतर फारच कमी आलं. काका म्हणाले, पुन्हा तपास. मला नोकरीचं बोलावणं आलं होतं, आठवड्यात रुजू व्हायचं होतं. काम संपावं म्हणून मी न तपासताच सांगून टाकलं, की प्रोग्रॅममध्ये माझी चूक आहे, आकडे खोटे आहेत. ते रागावले नाहीत. नोकरी नीट कर म्हणाले.

तुमचं पत्र आल्यावर जुना छापील प्रोग्रॅम काढला, ओळन् ओळ तपासली. काकू, चूक नाही. कधीच नव्हती.

घरी येऊ का, तेवढं कळवा.
केयूर

नारायण पेठ
२६ ऑगस्ट

चि. केयूर यास आशीर्वाद. हा शब्द लिहिताना अडले, पण लिहिला.

दोन दिवस अन्न गेलं नाही. मग त्यांच्या सात वह्या काढल्या. मला वाटायचं, नवं काही मांडतायत. चार वर्षं, अगदी जाईपर्यंत, ते तुझी चूक शोधत होते. मी चहा ठेवून यायची, तो तसाच गार व्हायचा.

मी रागाने तुला वाटेल ते लिहिणार होते. पण शेवटच्या वहीत आकड्यांखाली दोन ओळी सापडल्या. चूक कुठेच नाही, पोराने घाईत म्हटलं असावं. विचारायचं नाही, त्याला लागेल. खाली तारीख आहे, ते गेले त्याच्या तीन आठवडे आधीची.

त्यांनी तुला सांगितलं नाही. मी सांगते आहे.

रविवारी ये. वह्या शरच्चंद्रांकडे तू न्यायच्यास, आणि काय झालं तेही तूच सांगायचंस. मी शेजारी बसेन. मला ऐकू येणार नाही, पण तुझ्या तोंडाकडे बघेन.

लोभ होता तेवढाच आहे, आज याहून जास्त लिहवत नाही.
काकू