फोडू नये असं पाकीट

हार्लेम, १४ नोव्हेंबर १९३८

ती. ओरेलियाताईस,
क्लीटसचा सा. न. वि. वि.

मार्चमध्ये तुझ्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं एक पाकीट धाडलं होतं, वर 'फोडू नये' असं लिहून. ते आहे तसं परत पाठव. त्यात माझं गाणं आहे. बँडमास्तर हॅलोवेनं ते रेकॉर्ड केलं आणि तबकडीवर स्वतःचं नाव छापलं! सगळं शहर त्यावर नाचतंय. जाब विचारला तर म्हणतो, पुरावा दाखव. पाकिटावरची टपालाची तारीख हाच पुरावा, पण वकील म्हणतो, पाकिटावरची लाखेची मोहोर शाबूत हवी. दहा वर्षं दुसऱ्यांच्या नावानं गाणी लिहिली, हे एक तरी माझ्या नावावर राहू दे. त्यातला एकूण एक सूर माझा आहे, कुणाकडून उसना घेतलेला नाही.

लोभ पाकिटासकट पाठवावा.
क्लीटस

मस्कोगी, २१ नोव्हेंबर

चि. क्लीटस यास,
आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून देते.

वा रे वा! आई सप्टेंबरात गेली तेव्हा तुझी तार आली, शिकागोला कार्यक्रम आहे, येता येत नाही. आता पाकिटासाठी बरी बहीण आठवली! पाकीट मी फोडलं. ऑगस्टमध्ये आई अंथरुणाला खिळली आणि तिनं एकच धोसरा लावला, माझ्या पोराचं एक तरी गाणं ऐकवा. तुला तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. शेवटी चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या मिस टिलीला बोलावलं आणि सुरीनं लाख उडवली. तिनं कागद वाचून सूर सांगितले, मी गायले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फोडीन.

प्रेम असेल तर तिच्या कबरीवर जाऊन दाखव.
ओरेलिया

हार्लेम, २८ नोव्हेंबर

ताई,
नमस्कार लिहायला हात होत नाही.

तू माझा गळा कापलास. पत्रं मला मिळालीच नाहीत, बँडबरोबर गावोगाव हिंडत होतो. वकिलानं आज कागद माझ्यापुढे सरकवून दाराची वाट दाखवली. हॅलोवे माझ्या तोंडावर हसला. त्याच्यापेक्षा तू वाईट, तो निदान परका आहे. आणि कशासाठी केलंस हे? मरणाच्या दारात पडलेल्या आजारी म्हातारीला त्यातलं काय डोंबल कळलं असेल?

उत्तराची अपेक्षा नाही.
क्लीटस

मस्कोगी, ५ डिसेंबर

चि. क्लीटस,

फाटकं पाकीट सोबत पाठवते आहे, घे. सांगणार नव्हते, पण म्हातारीला काय कळलं असं तोंड वर करून विचारलंस, म्हणून ऐक.

दुसऱ्याच ओळीला ती हसायला लागली. म्हणाली, चोर कुठला! हे तर मी लोकांचे कपडे इस्त्री करताना गुणगुणायचे ते. टेबलाखाली बसून ऐकायचा मेला. मग डोळे मिटून माझ्याबरोबर शेवटपर्यंत गुणगुणली. एका जागी मिस टिलीला थांबवून म्हणाली, इथं त्यानं चुकीचं लिहिलंय, सूर खाली जातो. मिस टिलीनं पेन्सिलीनं दुरुस्त केलं. बघ, खूण आहे.

मग तिनं विचारलं, कागदावर नाव कुणाचं घातलंय पोरानं?

मी खोटंच सांगितलं, आई, तुझं.

ओरेलिया