न घेतलेली छत्तीस मापं

१० फेब्रुवारी, सोमवार

अंबडच्या नोकरीचा पहिला दिवस चांगला गेला. शेड स्वच्छ आहे, खिडकीतून शेजारच्या कारखान्यातलं गुलमोहराचं झाड दिसतं, आणि मला स्वतःचं टेबल आहे, कुलपाच्या ड्रॉवरसकट. मालक वेणीमाधव सर कमी बोलतात. मलाही ते बरं. दुसरा टेक्निशियन शेखर सगळ्यांच्या वाटचं बोलतो. त्याने पहिल्याच तासात विचारलं की मॅडम कधी हसतात का, की त्यालाही वर्क ऑर्डर लागते. मी हसले नाही, पण राग आला नाही.

काम जाडी मोजण्याचं. टाक्या, बॉयलर, पाइप. गंज घासून रुपयाएवढी जागा चकचकीत करायची, तिच्यावर जेली लावायची, यंत्राच्या वायरीचं टोक, म्हणजे प्रोब, टेकवायचा. आवाज लोखंडातून जातो, मागच्या बाजूवर आपटून परत येतो. त्याला किती वेळ लागला त्यावरून जाडी कळते. पलीकडे जावं लागत नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून मला यातलं हेच आवडतं. पलीकडे न बघता इकडून सांगता येतं.

खोली सिडकोत मिळाली आहे. पाणी सकाळी सहा ते आठ.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिली साइट, आणि तीही समुद्रावर. एक जुनं मालवाहू जहाज वीसेक वर्षांपूर्वी किनाऱ्याला लागलं ते तिथेच रुतून आहे. ते आता भंगारात निघालंय. तोडणारी माणसं डेकवर उभी राहून काम करणार, म्हणून डेकचा पत्रा कुठे किती जाड आहे याचा अहवाल हवा. तो आमच्याकडे.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, मग उतार. साडेपाच तास. शेखर सबंध रस्ताभर बोलला. लॉजची खोली दमट आहे, उशीला मिठाचा वास येतो. थकले आहे. उद्या ओहोटी पावणेनऊला, त्याच्या आधी दोन तास निघायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

जहाजापर्यंत रस्ता नाही. ओल्या वाळूतून चाळीस मिनिटं चालावं लागतं, आणि तेही ओहोटीलाच. चालायला मजा आली हे लिहून ठेवते, कारण नंतर आली नाही. वाळू घट्ट होती. खेकडे पावलांच्या पुढे पुढे बिळांत शिरत होते. सकाळी फिरायला आलेले दोघे-तिघे पर्यटक जहाजासमोर फोटो काढून परत फिरले.

जहाज एका कुशीवर किंचित कललंय. मागचा भाग वाळूत बुडालेला. भिंतीला दोराची शिडी बांधली आहे. मी खाली उभी राहून पत्र्यांचे जोड बघत होते, तर शेखर म्हणाला, मॅडम, स्थळ बघायला आलात का, इतकं निरखताय ते.

कटाई करणारा कोंडाजी तिथे आधीच आला होता. घोटीकडचा, पन्नाशीचा, आयुष्य गॅस कटरवर गेलेलं. आपणहून माझी बॅग घेऊन वर चढला. डेकवर टाच आपटून ऐकत होता. मी विचारलं, काय कळतं त्यातून. तो म्हणाला, कारखान्यातलं लोखंड असतं तर पायाला कळलं असतं ताई, पन हे पान्यातलं, हे लय लबाड. तुमी कागदावर लिवाल तिथं आमी पाय ठेवू.

डेकवर खडूने तेरा ओळी आखल्या, ए ते एम, प्रत्येकीवर बारा बिंदू. एकशे छप्पन्न. मी प्रत्येक बिंदू दोनदा घेते आणि जुळला की एकदाच साठवते, म्हणून वेळ लागतो. ए ते जे झाल्या तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि खालून एक कोळीण ओरडून सांगत होती की पाणी फिरलं, उतरा. के, एल, एम राहिल्या. मागच्या बाजूच्या, माल साठवायच्या कोठीवरच्या. खांदे भरून आले होते. शेखर म्हणाला, उरलेली टेबलावर घेऊ. मी यंत्र बॅगेत ठेवलं. गुडघाभर पाण्यातून परत आलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सरांना अहवाल आजच हवा होता. परत जायचं म्हणजे पुन्हा दोन दिवस. मोजलेल्या शेवटच्या, जे ओळीत सात मिलिमीटरच्या आसपास माप येत होतं. के, एल, एम भरल्या. सगळीकडे तोच आकडा टाकला तर ओळखू येतं, म्हणून ७.१, ६.८, ६.९, ७.० असं बदलत गेले. छत्तीस आकडे, बारा मिनिटं. खरे वाटतात. मी केलेल्या कुठल्याही कामाइतकेच नीटनेटके आहेत.

सही केली. नऊ वाजता झोपले.

३ मार्च, सोमवार

कोंडाजी गेला. सकाळी पत्रा फाटून कोठीत पडला, आत गाळ आणि पाणी, वर भरती. शरीर मिळालेलं नाही. शेखरने फोनवर जागा विचारून घेतली. एल-४.

सर म्हणाले, पाय घसरला असणार. काम चौदा दिवस बंद, सतराला पुन्हा सुरू. तोच अहवाल घेऊन.

५ मार्च, बुधवार

कोंडाजीची बायको चिमणाबाई अंबडला आली होती, पुतण्याला घेऊन. पदराने तोंड पुसत दारात उभी राहिली, खुर्चीवर बसली नाही. ते लोखंड चांगलं म्हणून कोणी लिवलं, तेवढं तिला बघायचं होतं. सरांनी माझ्याकडे हात केला. तिने मला विचारलं, तुम्ही सोता तिथं उभ्या राहून मोजलं व्हतं ना ताई?

मी हो म्हणाले.

ती म्हणाली, मग त्याचंच नशीब. माझ्याकडे पाणी मागितलं, प्यायली आणि गेली.

६ मार्च, गुरुवार

एक गोष्ट काल रात्रीपासून डोक्यात होती. यंत्र साठवलेलं प्रत्येक माप वेळेसकट ठेवतं. अहवालात एकशे छप्पन्न, यंत्रात एकशे वीस. कोणी मागितलं तर सापडणार. म्हणून दुपारी ड्रॉवर उघडून बघितलं.

यंत्रात एकशे अडतीस मापं आहेत.

जास्तीची अठरा: के-१ ते के-१२, एल-१ ते एल-६. के-१ २.१, के-२ १.९. पुढे १.४, १.६, ०.९. एल-४ ला आकडा नाही, नुसती रेघ. पत्रा नसला की तशी येते. चार तारखेला नऊ वीसला सहा, काल दहा दहाला सहा, आज अकराला सहा. यंत्र त्या साइटवरून आल्यापासून माझ्या कुलपात आहे. किल्ली माझ्या गळ्यात.

शेखरला दाखवलं. तो म्हणाला, घड्याळ बिघडलंय, मॅडम, आणि तुम्ही जरा झोपा.

रोज पन्नास मिनिटं पुढे. मी भरती-ओहोटीचं कोष्टक काढून बघितलं. ओहोटीच्या वेळा आहेत.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी बॅटरी काढून टेबलावर ठेवली. यंत्र समोर, बॅटरी समोर. अकरा पन्नासपर्यंत तशीच बसले. मग बॅटरी घालून बघितलं.

एकशे चव्वेचाळीस.

ही खरी मापं आहेत. हे मला काल बघताक्षणीच कळलं होतं, लिहिलं नाही इतकंच. गंजलेल्या कोठीवरचा पत्रा असाच असतो. मी घेतली असती तर हीच आली असती.

९ मार्च, रविवार

एकशे छप्पन्न. सुट्टी असून शेडवर येऊन बघितलं. शेवटचं माप एम-१२, दुपारी दीड. ०.७.

आता अहवालाइतकी झाली. कोणी मागितली तरी संख्या जुळते. हे मनात आलं आणि मी बराच वेळ नळाखाली हात धूत राहिले.

१२ मार्च

झोप नाही. जेवण नाही म्हटलं तरी चालेल. शेखर म्हणतो सुट्टी घ्या. सतराला आठ माणसं चढणार आहेत.

सांगायला हवं. रोज सकाळी ठरवते. संध्याकाळी थकलेली असते.

१४ मार्च, शुक्रवार

सरांना सांगितलं. छत्तीस मापं मी घेतली नव्हती, अहवाल मागे घ्या. यंत्रातली मापं दाखवली नाहीत, त्यांच्या वेळा कशा समजावणार.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, तुझ्या तोंडी शब्दावर मी सही केलेला अहवाल मागे घेणार नाही, उद्या तूच म्हणशील आधीचं खरं. ती छत्तीस मापं घेऊन ये. पातळ निघाली तर काम सुरू व्हायच्या आत मी स्वतः फोन करून थांबवतो. मग जहाज तोडणाऱ्या ठेकेदाराला मीच परस्पर फोन लावला. तो म्हणाला, तुमच्या साहेबांनी सांगू द्या.

शेखर येत नाही म्हणाला. यावेळी त्याने विनोद केला नाही.

१६ मार्च

त्याच लॉजवर. तीच खोली. उद्या ओहोटी सव्वाआठला. माणसं दहाला येणार. वेळ पुरेल.

१७ मार्च

७.१० — मापांची वही गाडीत राहिली. यातच लिहिते. चालत आले. खेकडे नाहीत आज. वाळू कडक.

७.२५ — वर आहे. दोन फळ्या आणल्यात, डेकखालच्या आडव्या तुळयांच्या वर येतील अशा टाकून त्यावरून पुढे सरकतेय. फोनला रेंज नाही. मापं झाली की धावत गावात.

के-१ — ७.१
के-२ — ६.८

चुकलं असेल. पुन्हा घासून, पुन्हा जेली लावून.

के-१ — ७.१
के-२ — ६.८

के-३ — ६.९. के-४ — ७.०.

अहवाल काढून बघितला. माझेच आकडे. त्याच क्रमाने. टेबलावर बसून घातलेले —

७.५५ — कारण लिहिते, म्हणजे डोकं जागेवर राहील. पातळ पत्र्याच्या पाठीला काही ओलं, घट्ट, मध्ये हवा न ठेवता चिकटलं, तर आवाज पत्र्यापाशी थांबत नाही. त्याच्यातही जातो. त्याच्या पाठीवरून परत येतो.

म्हणजे मी नुसता पत्रा मोजत नाहीये.

८.०५ — एल-४. कोंडाजी पडला ते भोक इथे हवं. नाही. फळी सरकवताना पाय फळीवरून घसरला आणि मी तिथेच उभी आहे. पत्रा गच्च. एल-४ — ६.९. माझा आकडा.

८.१० — किनाऱ्यावर माणसं. आठ. सिलिंडरची गाडी ढकलत. दहाला येणार म्हणाले होते, लवकर का —

ओरडले. वारा किनाऱ्याकडून इकडे — ऐकू जात नाही. दोन्ही हात हलवले. त्यांनीही हलवले.

मी एल-४ वर उभी आहे. कोंडाजी पडला तिथे. त्यांना दिसतंय. आणखी काय पुरावा लागतो कोणाला —

फळीकडे पाऊल उचललं. पत्रा बोटभर खाली गेला. मग खालून हळूच वर आला. सावरून धरल्यासारखा. आता हलत नाही. बसलेय. लिहितेय.

पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं, चढू नका. उंच धरलं. शिडीवरच्या माणसाने बघितलं. एवढ्या लांबून पांढरा कागद. त्याला अहवाल वाटला. त्याने मान हलवली, मागच्यांना या म्हणून हात केला —

तीन वर. पाच. कोणी फळी वापरत नाहीये. सरळ येतायत, माझ्याकडे, के ओलांडून. एक जण विचारतोय, ताई, एवढ्या लवकर?

घसा बसलाय. परत जा म्हणतेय, आवाज निघत नाही.

आठवा चढला.

प्रोब अजून टेकलेला आहे. आकडा उतरतोय. ६.९. ५.२. ३.८ — चिकटलेलं सुटतंय — सगळे वर येईपर्यंतच धरलं हो —

२.