वीस मायक्रॉन

रांजणगाव, वाळूज
छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

चि. विशाखा हिस,

कडुबामामाचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून घाबरशील म्हणून आधीच सांगतो, इथं कुणाला काही झालेलं नाही. तुझ्या मामीचा गुडघा थंडीच्या आधीच कुरकुरायला लागलाय, बाकी सगळं ठीक. तुला फोन करायचा म्हणून या आठवड्यात तीनदा लावला. तीनही वेळा तू "मामा, जेवलात का?" विचारलंस, मी जेवलो म्हणालो आणि ठेवून दिला. एकदा तर जेवलोही नव्हतो. म्हणून आता कागद घेऊन बसलोय. अक्षर सांभाळून घे. माझा हात लोखंडावर सरळ चालतो, कागदावर नाही.

बातमी अशी की आपला तीन नंबरचा लेथ सोमवारी गेला. चार नंबरचाही गेला. खंडेनवमीला सगळ्या मशीनींना झेंडूचे हार घातले होते. मी हार घालत नाही हे तुला माहीत आहे, मी तेल घालतो. यंदाही बेड पुसला, चकमधला कचरा दाताच्या जुन्या ब्रशने काढला. आठवड्याभरात फोर्कलिफ्ट आली. हार तसाच होता, सुकलेला. कय्युमभाई मोबाईल काढून म्हणाले, "मामा, उसके साथ एक फोटो निकालूं?" मी त्यांच्यावर असा खेकसलो की शॉपमधली पोरं बघायला लागली. कय्युमभाईंनी बिचाऱ्यांनी मोबाईल खिशात ठेवला. इतकी वर्षं ते माझे सुपरवायझर आहेत आणि इतकी वर्षं माझा राग खातात. दुपारी त्यांनीच माझ्यासाठी चहा आणून ठेवला.

तेहतीस वर्षं मी त्या लेथवर होतो. माझा डावा कोपर जिथं टेकायचा तिथला हिरवा रंग उडून लोखंड दिसायचं. आता ती जागा रिकामी आहे आणि फरशीवर तेलाचा चौकोनी डाग आहे.

दुसरी बातमी तुला कदाचित कळली असेल. कंपनीने ठरवलंय की जुन्या टर्नरांपैकी ज्यांना थांबायचं आहे त्यांनी सीएनसी, म्हणजे तुझी ती स्क्रीनवर आकडे टाकून चालवायची मशीन, शिकायची. दिवाळी झाली की सोमवारी, सत्तावीस तारखेपासून, बिडकीनच्या ट्रेनिंग सेंटरला सहा आठवडे. यादी बोर्डावर लागली. अकरा नंबरला मी. रिटायर व्हायला एक वर्ष राहिलेला माणूस. कँटीनमध्ये कय्युमभाई उभे राहून ओरडले, "और सिखानेवाली कौन है, मालूम? अपनी विशाखा! मामांची शिष्या मामांना शिकवनार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग डबा तसाच बंद केला.

मी नाही म्हणणार होतो. एक वर्ष कुठंतरी स्टोअरमध्ये काढलं असतं. पण खरं सांगतो, लेथ गेल्यावर दोन दिवस मी शॉपमध्ये नुसता फिरलो आणि मला कळलं की तिथं माझ्या हाताला एकही काम उरलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, "मामा, दहा दिवस द्या मला, स्क्रीन शिकवते तुम्हाला." तेव्हा मी काय म्हणालो होतो आठवतं? "टीव्ही घरी बघतो मी." सगळे हसले होते. तूही हसलीस. तू चिडायला हवं होतंस.

आता ज्यासाठी बसलोय त्याकडे येतो.

दसऱ्याला बुद्धलेणीच्या पायथ्याशी आपण भेटलो. गर्दीत तूच मला हाक मारलीस. सोबत तुझी आई, गोजरबाई होत्या, पांढऱ्या साडीत. तू मला शेव-चिवड्याची पुडी दिलीस आणि आपण दगडावर बसलो. मी विचारलं, पोरं कशी आहेत वर्गात? तू म्हणालीस, "लई घाबरतात मामा मशीनीला. म्हणून मी पहिल्या तासाला त्यांना माझी चूक सांगते. सत्त्याऐंशी शाफ्ट रिजेक्ट झालते ना, ते. म्हणते, केसाचे चार भाग करा, त्यातल्या एका भागापायी माझी नोकरी गेली. तरी मी उभी हाय ना तुमच्यासमोर?" मग म्हणालीस, "पण मामा, मला अजून उमगलं नाय, मी निम्मा आकडा टाकला कसा. निम्मं तर लेथवाले करतात."

मी पुडीतला चिवडा खात राहिलो. नंतर मामी वाट बघत असेल म्हणून उठलो. मामी काही वाट बघत नव्हती.

विशाखा, तो आकडा तू टाकला नव्हतास. मी टाकला होता.

त्या दिवशी दोनच्या चहाला तू गेलीस. माल न्यायची गाडी दारात उभी होती, म्हणून कय्युमभाईंनी मला सांगितलं, मामा, मशीन चालू राहू द्या, फक्त लक्ष ठेवा, काही वाटलं तर बंद करा. मी एक शाफ्ट काढून मोजला. चाळीस मायक्रॉन बारीक होता. मी मशीन बंद करायला हवं होतं, नाहीतर तुला हाक मारायला हवी होती. कँटीन पन्नास पावलांवर होतं. पण मला वाटलं, एवढ्याशा पोरीला हाक मारायची? तू आकडा कसा बदलतेस ते मी दुरून, न बघितल्यासारखं करून, बघितलेलं होतं. लेथवर जॉब फिरत असतो, टूल दहा आत घेतलं की तो दोन्हीकडून मिळून वीसने बारीक होतो. म्हणून जेवढा फरक असेल त्याच्या निम्मं घ्यायचं, हे माझ्या बोटांत बसलेलं. चाळीसचा फरक, बोटाने वीस टाकले. तुझ्या मशीनला निम्मं करून द्यावं लागत नाही, तिला पूर्ण आकडा हवा असतो, हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायची तर मला सवयच नव्हती.

पुढचा शाफ्ट मी मोजलाही नाही. माझ्या हातचं चुकत नाही म्हणून. तू आलीस, मायक्रोमीटर उचललास आणि विचारलंस, "मामा, माप?" मी म्हणालो, "बरोबर आहे, मी बघितलंय. चालू दे, गाडी थांबलीय." तू मायक्रोमीटर ठेवलास आणि तक्त्यावर माझ्या शब्दावर सही केलीस. सुट्टी होईपर्यंत सत्त्याऐंशी निघाले. सगळे वीसने बारीक.

आठवड्याने ते परत आले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर वीस दिसत होते आणि त्या दिवशी सकाळपासून तू तीनदा आकडा बदलला होतास, म्हणून तुला वाटलं आपलाच. मी तुझ्या मागं उभा होतो. मी बरोबर म्हणालो होतो हेसुद्धा तू साहेबांना सांगितलं नाहीस. "मापं मीच लिहिली," एवढंच म्हणालीस. मी गप्प बसलो.

इथवर शुक्रवारी रात्री लिहून ठेवलं आणि झोपलो. शनिवारी सकाळी वाचलं तर लाज वाटली. कारण मी गप्प बसलो हेही खोटं आहे.

साहेबांनी तुला बाहेर थांबायला सांगितलं. मग मला विचारलं, "मामा, तुम्ही सीनियर आहात, तुमचं काय म्हणणं?" आणि मी म्हणालो, "पोरगी नवीन आहे. घाई झाली असेल. या मशीनी पोरींच्या हातात द्यायला जरा लवकरच झालं." हे मी माझ्या तोंडाने बोललो. साहेबांनी त्यावरच तुझ्या कागदावर 'हलगर्जी' असं लिहिलं. तुला पुढं तीन कंपन्यांनी घेतलं नाही, ते याच शब्दामुळं.

तुझं नाव खराब झालं याचं मला वाईट वाटलं होतं, पण खरं तर त्याच्या आधी मला बरं वाटलं होतं. तीन महिने तुझ्या मशीनवर ताडपत्री होती. सगळं काम परत तीन नंबरवर आलं, लोक परत "मामा, मामा" करायला लागले. मी घरी येऊन तुझ्या मामीला म्हणालो, बघ, शेवटी हातच लागतो. जे नवीन येत होतं त्याला मी तुझं नाव आडवं टाकून थांबवलं, तेही तीनच महिने. चौथ्या महिन्यात नवा मुलगा आला आणि मशीन सुरू झाली.

तुला बसस्टँडवर सोडायला मी आलो होतो. कन्नडची गाडी लागली होती. तू रडत होतीस आणि मला म्हणालीस, "मामा, तुमची मान खाली घातली मी." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात. तू कामाला लागलीस तेव्हा गोजरबाई म्हणाल्या होत्या, "भाऊ, मशीनीचं मला काय बी कळत नाय, पोरगी तुमच्या हाती देते." शाळेतली खिचडी शिजवून त्यांनी तुला आयटीआय केलं होतं. तू घरी गेल्यावर त्यांनी मला आल्याची पिशवी पाठवली, पोरीला परक्या गावात सांभाळलं म्हणून. ते आलं महिनाभर आमच्या चहात होतं. मी तो चहा प्यायलो.

सहा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. परवा रात्री जेवताना तुझ्या मामीला सांगितलं. तुला माहीत आहे, आवडाबाई एरवी मला एक वाक्य पुरं करू देत नाही. तिने सगळं ऐकलं, ताट उचललं आणि आत गेली. मग आतूनच म्हणाली, "तिच्या वर्गात बसनार हायसा ना? मंग तिथं बसून तिच्या तोंडून ऐकनार का तिची चूक?" तेच मला दसऱ्यापासून टोचत होतं.

आज रविवार. काल मी नवीन साहेबांकडे अर्ज दिला. वर लिहिलंय तेवढं सगळं त्यात आहे, मी केबिनमध्ये काय बोललो तेसुद्धा. तुझ्या कागदावरचा शब्द काढावा आणि तसं पत्र तुला द्यावं, असं मागितलंय. कय्युमभाईंनी वाचून खाली साक्षीदार म्हणून सही केली. मला वाटलं होतं ते चिडतील. ते एवढंच म्हणाले, "इतनी देर क्यूं की, मामा?" आवक शिक्का मारलेल्या अर्जाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, जपून ठेव. माझं काय करायचं ते साहेब पुढच्या आठवड्यात ठरवणार आहेत. यादीतून नाव काढतील किंवा नोकरीतूनच काढतील. काढलं तर मी भांडणार नाही.

नाही काढलं, तर सत्तावीसला मी बिडकीनला येईन. मला खरंच शिकायचंय, विशाखा. सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणाला सांगतोय की मला येत नाही. तो आकडा पूर्ण का टाकायचा, ते मला तुझ्याकडून समजून घ्यायचंय. पण त्या वर्गात कोण बसणार हे ठरवायचा हक्क तुझा आहे. मी नऊ वाजता फाटकाबाहेर थांबेन. तू आत बोलावलं नाहीस तर कय्युमभाईंना सांगीन की माझ्याच्याने जमलं नाही, आणि आलेल्या बसने परत येईन. मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागण्यासारखं मी काही केलेलं नाही.

फक्त एक मागतो. बोलावलंस, तर पहिल्या तासाला ती सत्त्याऐंशी शाफ्टची गोष्ट तू सांगू नकोस. पुन्हा कधीच तुझी म्हणून सांगू नकोस. अकरा नंबरला उभं कर. ती माझी आहे, मी सांगेन.

गोजरबाईंना हे पत्र वाचून दाखव. त्यांना जयभीम सांगायचं माझं तोंड नाही.

मामा म्हणायचं की नाही ते तू ठरव. म्हणून खाली ते लिहीत नाही.

कडुबा साळवे
यादीतला अकरा नंबर