बघायचं, हात नाही लावायचा

३ नोव्हेंबर, सोमवार
मला ‘फक्त बघायचं’ एवढाच अधिकार दिलाय. माझ्याच घरात, माझ्याच हॉलमध्ये!

नात श्रुतिकाने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंय. तिचा काळा सर्व्हर माझ्या शिलाई मशीनच्या जागेवर बसलाय. डबा एक, पण आत पाच मशिनं. एका खोलीत पडदे लावून पाच बिऱ्हाडं राहावीत तशी. मुलुंडच्या एका लॅबचे रक्ताचे रिपोर्ट त्यातून निघतात. लॅबवाले महिनाभर बघणार, मग काम पक्कं. एकदा जरी मशीन बंद पडलं नि आपल्याला कळलं नाही, तर खेळ खलास.

म्हणून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर जोडलंय. ते ‘पहारा’ नावाच्या युजरने सर्व्हरमध्ये शिरतं आणि आतलं सगळं टीव्हीवर दाखवतं. हिरवं म्हणजे ठीक. लाल झालं की मी फोन करायचा. मी म्हटलं, सगळे अधिकार दे. तर म्हणाली, आज्जी, ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं असतं. मला शिकवते!

४ नोव्हेंबर, सकाळी १०
सगळं हिरवं. माझं लक्ष आहे ना.

दुपारी २
एक पिवळं झालं. श्रुतिकाला चार फोन केले. म्हणाली, पिवळ्याला फोन नको गं. मग पिवळं ठेवलं कशाला मेल्यांनी?

६ नोव्हेंबर, गुरुवार
तिचा कामातला पार्टनर केतन आला होता. श्रुतिकाने ‘पहारा’चा पासवर्ड त्याच्यासमोर मोठ्याने वाचला. मीही टिपून घेतला. चौथी शिकलेय, पण परक्याने किल्ली बघितली की कुलूप बदलायचं, एवढं कळतं. आमचा भाडेकरू गेला त्याच दिवशी मी बदललं होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ११.१०
दोघं मुलुंडला गेली. श्रुतिका रविवारपर्यंत तिथेच, मावशीकडे. श्रुतिकाला करताना बघितलं होतं तशी हॉलमधल्या लॅपटॉपवर ‘पहारा’ नावाने शिरले आणि पासवर्ड बदलला. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर कुलूप कसलं?

११.३०
टीव्ही राखाडी झाला. लाल नाही, पिवळं नाही. एकदम शांत. हे आधीच करायला हवं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
अजून राखाडी. श्रुतिकाचा फोन आला. म्हटलं, कालपासून एकसुद्धा लाल नाही. खूश झाली. संकल्प : सोमवारी सगळे अधिकार मागायचे. मागायचे कसले, सांगायचं.

९ नोव्हेंबर
राखाडी. बघायला काहीच नाही. करमत नाही. तीनदा टीव्ही पुसला.

१० नोव्हेंबर, सोमवार
वाट लागली. रिपोर्टवालं मशीन शनिवारी दुपारीच आतली जागा संपून, गळ्यापर्यंत भरून बंद पडलं होतं. आज सकाळी लॅब उघडली तर पेशंटची रांग आणि रिपोर्ट एक नाही. श्रुतिका काल रात्री येऊन तशीच झोपली होती. उठून टीव्ही बघितला नि किंचाळली. म्हणाली, राखाडी म्हणजे शांत नाही आज्जी, राखाडी म्हणजे आंधळं! सॉफ्टवेअर तीन दिवस जुनाच पासवर्ड घेऊन दारात उभं होतं.

मी म्हटलं, केतनने बदलला असणार. डोळेच तसे आहेत त्याचे. केतन समोरच उभा होता.

दुपारी १
सर्व्हर चहाडखोर निघाला. कोणी, कधी, कुठून, सगळं लिहून ठेवतो. शुक्रवार, अकरा वाजून चार मिनिटं, हॉलमधला लॅपटॉप. श्रुतिकाने ती ओळ दाखवली आणि आत गेली. नवा पासवर्ड मला विचारलासुद्धा नाही. मला आठवतही नव्हता. केतनला चहा दिला. साखर जास्त पडली. माफीबिफी काही नाही, हात सैल सुटला.

११ नोव्हेंबर, सकाळी १०
युजरच्या यादीतून माझं नाव काढलं. बरंच झालं, डोळे दुखतच होते.

लॅबने अजून हो-नाही सांगितलेलं नाही. काय झालं ते विचारायला तिथल्या शीतल मॅडम अकरा वाजता फोन करणार, त्यावर ठरेल. केतन म्हणाला, मी बोलतो, चूक माझी झाली म्हणतो. श्रुतिका म्हणाली, अजिबात नाही. तिने मोबाईल माझ्यापुढे ठेवला आणि सांगितलं, हा फोन आज्जीच उचलणार.